नवीन छोट्या टँकमधले मासे पहिल्या महिन्यात का मरतात आणि त्यांना कसं जगवायचं

"पाणी तर एकदम स्वच्छ होतं हो, काल रात्रीपर्यंत मस्त फिरत होते, सकाळी बघतो तर दोन वर तरंगतायत." नवीन टँक घेतलेल्या माणसाकडून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो, टँक लावून किती दिवस झाले? उत्तर बहुतेक वेळा पाच दिवस ते तीन आठवडे ह्याच्या मधलं असतं. माझ्या पहिल्या टँकमध्ये मी नऊ मासे टाकले होते आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातले सहा गेले, आणि प्रत्येक वेळी एक मासा मेला की मी घाबरून सगळं पाणी काढायचो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवायचो, खडे पण धुवायचो आणि परत भरायचो. म्हणजे जे वाचवायला पाहिजे होतं तेच मी दर दोन दिवसांनी धुऊन टाकत होतो. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ते सहाही जगले असते, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी मरतात कशाने ते समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच येतं. मासे विष्ठेतून आणि मुख्य म्हणजे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच होतो. अमोनियाला रंग नाही, थोडासा असेल तर वासही येत नाही, त्यामुळे काचेसारखं लख्ख दिसणारं पाणी सुद्धा माशासाठी विष असू शकतं. जुन्या टँकमध्ये हा अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, झाडांच्या पानांवर बसलेले असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइट पण विषारीच, ते रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, मासा पाण्यात असून गुदमरतो आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसायला लागतात. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून बाहेर काढतो. ह्या सगळ्याला सायकल म्हणतात.

नवीन टँकमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच. आणि ते वाढतात फार हळू, कुजवणारे साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, ह्यांना त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो, त्यामुळे पूर्ण सायकल बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मासे आणि टँक एकाच दिवशी घरी आणले की हे चार-सहा आठवडे माशांना विषात काढायला लागतात. एवढीच गोष्ट आहे, बाकी नजर लागली, काच खराब, पाणी बाधलं असं काही नसतं.

टँक आणि सामान

छोटा टँक सोपा असं सगळ्यांना वाटतं पण उलट आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं, थोडं जास्त खाणं पडलं, एक मासा कोपऱ्यात मरून राहिला की पाच लिटरमध्ये अमोनिया काही तासांत चढतो आणि पन्नास लिटरमध्ये तुम्हाला लक्षात यायला एक दिवस तरी मिळतो. जमत असेल तर 50-60 लिटरचा घ्या. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये करा आणि 1000 ने भागा, तेवढे लिटर, म्हणजे 60 बाय 30 बाय 30 चा टँक 54 लिटरचा. नुसतं पाणीच 54 किलो झालं, वर खडे आणि काच, तेव्हा टेबल मजबूत आणि एका पातळीत पाहिजे. एकटा फायटर (बेट्टा मासा) ठेवायचा असेल तर 20 लिटर चालतो, त्याच्या खाली मी कुणालाच सांगत नाही. गोल बाऊल तर नकोच, वर तोंड निमुळतं असतं म्हणून हवा लागणारा पृष्ठभाग कमी पडतो आणि आत फिल्टर, हीटर काही धड बसत नाही.

फिल्टर हवाच. छोट्या टँकला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मला सगळ्यात आवडतो, प्रवाह हळू असतो, पिल्लं ओढली जात नाहीत, बुडबुड्यांमुळे पाणी हलतं आणि ऑक्सिजन मिसळतो, आणि स्पंजमध्ये जिवाणूंना भरपूर जागा मिळते. फिल्टर 24 तास चालू ठेवायचा, रात्री आवाज येतो म्हणून बंद करायचा नाही, त्या जिवाणूंना पण ऑक्सिजन लागतो आणि बंद फिल्टरमध्ये ते मरायला लागतात. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर लाइट गेली की टँकमधलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

उष्ण पाण्यातल्या माशांना 24 ते 27 अंश लागतं. खोली थंड होत असेल तर हीटर घ्या, लिटरला साधारण 1 वॅट हा हिशोब छोट्या टँकला पुरतो, आणि वेगळा थर्मामीटर लावा कारण हीटरवरच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. झाकण पण लागतं, फायटर आणि गप्पी दोघंही उड्या मारतात. आणि टेस्ट किट, हे सगळे टाळतात. थेंबांचं घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) मोजणारं. पट्ट्यांपेक्षा ते जास्त विश्वासाचं असतं आणि बऱ्याच पट्ट्यांवर तर अमोनिया नसतोच, म्हणजे जे बघायचं तेच नाही. नायट्रेटच्या टेस्टमध्ये बहुतेक किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवायला लागते, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो.

पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांचे कल्ले जाळतं आणि आपले जिवाणू पण मारतं. नुसतं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत पाणी 24 तास ठेवलं आणि आत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडला की ते उडून जातं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं ठेवून जात नाही, म्हणून मी सरळ डिक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण, वापरायला सांगतो, बाटलीवर जेवढे थेंब लिहिलेत तेवढे घालायचे की काही मिनिटांत काम होतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसलं तरी ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असू शकतं, आणि आरओचं पाणी शुद्ध म्हणून नुसतं तेच भरू नका, त्यात क्षारच नसतात, पीएच एकदम कोसळतो. तुमच्या नळाला जे पाणी येतं त्यात राहू शकणारे मासे निवडणं हे पाणी बदलत बसण्यापेक्षा खूप सोपं आहे. मॉली आणि गप्पीला जड पाणी मानवतं, निऑन टेट्राला मऊ.

माशांशिवाय सायकल कशी करायची

टँक भरा, खडे आधी साध्या पाण्याने धुऊन घाला (साबण कधीच नाही, ना खड्यांना ना काचेला), फिल्टर आणि हीटर चालू करा, आणि मासे टाकू नका. अवघड काय तर तेवढंच. आता जिवाणूंना जेवण पाहिजे, म्हणजे कुठूनतरी अमोनिया आला पाहिजे. त्यासाठी अमोनियम क्लोराइडचं तयार द्रावण मिळतं, ते घालून टेस्टमध्ये 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) दिसेल एवढं करायचं. ते नाही मिळालं तर रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट टाका, ती कुजून अमोनिया होतो, जरा घाण वाटतं आणि वेळ जास्त लागतो पण होतं.

पहिला आठवडाभर फक्त अमोनिया दिसेल. मग एक दिवस तो खाली यायला लागेल आणि नायट्राइट चढेल, आणि इथे सगळ्यांचा धीर सुटतो, कारण नायट्राइट दोन-दोन आठवडे हलतच नाही. हलेल. अमोनिया शून्य झाला की परत थोडा घालत राहा म्हणजे पहिले जिवाणू उपाशी राहत नाहीत. शेवटी असा दिवस येतो की तुम्ही 2 पीपीएम अमोनिया घालता आणि 24 तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, फक्त नायट्रेट. तेव्हा झाली सायकल. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि मासे आणायला जा.

ह्याला एक खरा शॉर्टकट आहे. कुणा ओळखीच्याकडे सहा महिने चाललेला, निरोगी माशांचा टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागा, ओला ठेवूनच आणा आणि तुमच्या फिल्टरला चिकटवून ठेवा. कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांत काम होतं. नुसतं त्यांचं जुनं पाणी आणून काही उपयोग नाही, जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून असतात. बाटलीत मिळणारे जिवाणू कधी चालतात कधी नाही, वापरायचे तर वापरा पण टेस्ट न करता त्यांच्या भरवशावर मासे टाकू नका. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी दुधासारखं पांढुरकं झालं तर घाबरू नका, वेगळे जिवाणू पाण्यात एकदम वाढलेले असतात, आपोआप बसतात. त्यासाठी औषध नको आणि टँक रिकामा करणं तर नकोच नको.

मासे आधीच आणलेत तर

बहुतेक जण इथेच असतात, मुलांना कबूल केलेलं असतं, कुणी भेट दिलेली असते. वाचवता येतात, फक्त पुढचा महिनाभर मेहनत आहे. रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हीपैकी काहीही 0.25 च्या वर जाऊन 0.5 पीपीएमकडे सरकायला लागलं की त्याच दिवशी 30 ते 50 टक्के पाणी बदला, नवीन पाणी डिक्लोरिनेटर घातलेलं आणि तापमान जुन्याइतकंच. वाटलं तर दुसऱ्या दिवशी परत बदला. पाणी बदलल्याने सायकल मोडते असं लोक सांगतात, ते खरं नाही, जिवाणू स्पंजमध्ये असतात हे वर सांगितलंच. स्पंजला मात्र ह्या महिन्यात हात लावू नका.

पीएच पण बघा. 25 अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का खरा विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच साधारण 5 टक्के होतो, म्हणजे किटवर आकडा तोच पण विष जवळजवळ दहापट. म्हणून एकाचे मासे 1 पीपीएममध्ये तग धरतात आणि दुसऱ्याचे पटापट जातात. नायट्राइट चढलं असेल तर 10 लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला, मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमध्ये नायट्राइटची वाट अडवतं, एवढ्या मिठाने झाडांना किंवा नेहमीच्या माशांना काही होत नाही. आणि जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घाला, अख्ख्या टँकचं नाही.

खाणं अर्ध्यावर आणा, दिवसाआड दिलं तरी चालेल. आत गेलेलं खाणं म्हणजेच बाहेर येणारा अमोनिया. भराभर वाढणारी झाडं टाका, हॉर्नवर्ट तर नुसतं तरंगत सोडलं तरी वाढतं आणि अमोनिया थेट ओढून घेतं. मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी काठावर अडकवली तरी मदत होते. आणि ह्या महिन्यात एकही नवीन मासा नाही, मेलेल्याच्या जागी सुद्धा नाही.

मासे घरी आणताना

पिशवी न उघडता 15-20 मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, लाइट बंद करून. मग उघडून दर पाच मिनिटांनी टँकचं थोडं पाणी आत घाला, तीन-चार वेळा, आणि जाळीने मासे उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, त्यात घाण असते आणि रोग असू शकतात. एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, मासे खूप तासांचा प्रवास करून आले असतील तर पिशवी उघडल्यावर तासभर रेंगाळू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो म्हणून साठलेला अमोनिया कमी विषारी असतो, पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला मारायला लागतो. अशा वेळी तापमान जुळलं की लगेच सोडलेलं बरं.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. मासे लपतील, रंग फिका पडेल, ते ठीक आहे.

कोणते आणि किती

54 लिटरमध्ये सुरुवात झेब्रा डॅनियोच्या सहाच्या थव्याने करा नाहीतर चार-पाच गप्पी घ्या, सगळे नर. मादी एकटी आणली तरी ती बहुतेक आधीच गाभण असते आणि नराचं बीज महिनोन्महिने साठवून परत परत पिल्लं देते, मग पिल्लांनीच टँक भरतो. निऑन टेट्रा सुंदर पण नवीन टँक त्यांना सोसत नाही, दोन-तीन महिने थांबून सहा-आठ एकदम आणा, दोन-तीनच ठेवले तर भेदरून राहतात. फायटर एका टँकमध्ये एकच. तो हवेतूनही श्वास घेतो म्हणून बाटलीत जगतो असं दाखवून विकतात, पण हवा घेता येते म्हणून अमोनिया त्याला जाळत नाही असं नाही.

गोल्डफिश छोट्या टँकमध्ये आणू नका. मला हे सांगायला वाईट वाटतं कारण सगळ्यात आधी तोच आवडतो, पण तो वीतभर आणि त्याहून मोठा होतो, दहा-बारा वर्षं सहज जगू शकतो आणि घाण इतकी करतो की छोटा फिल्टर पुरा पडत नाही. काच साफ करायला म्हणून देतात तो सकर पण तसाच, बोटाएवढा आणतो आणि तो फुटाच्या वर जातो, शिवाय माशांची घाण कुठलाच मासा खात नाही.

सगळे एकदम आणू नका. जिवाणूंची संख्या जेवढं खाणं मिळतं तेवढीच असते, म्हणून एक खेप आणली की दोन-तीन आठवडे थांबायचं, टेस्ट शून्य दाखवत असेल तरच पुढची.

रोजचं आणि आठवड्याचं

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धरून चाला, म्हणजे चिमूट किती लहान पाहिजे ते कळेल. काचेजवळ गेलं की ते वर येऊन तोंड उघडतात, ती भूक असतेच असं नाही, तुम्हाला ओळखतात. घरातल्या एकाच माणसाने खायला द्यायचं ठरवा, नाहीतर तिघं तिघं घालतात. दोन-चार दिवस बाहेरगावी जाताना निरोगी मोठे मासे उपाशी राहिले तरी काही होत नाही, शेजाऱ्यांना डबा देऊन जाण्यापेक्षा हे सुरक्षित. लाइट 6 ते 8 तास पुरे, आणि टँकवर थेट ऊन नको, शेवाळ धरतं.

आठवड्यातून एकदा 25 टक्के पाणी बदला. हीटरचा प्लग आधी काढा आणि दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, पाण्याबाहेर तापलेला हीटर तडकतो. सायफनचं तोंड खड्यांमध्ये खुपसून घाण ओढा, दर वेळी अर्धा तळ केला तरी बास. बादली फक्त टँकसाठीच ठेवा, जिच्यात कधी साबण गेलेला नाही अशी. फिल्टरचा प्रवाह मंदावला की, महिन्या-दोन महिन्यांनी, स्पंज ह्या काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनतीनदा पिळायचा आणि परत लावायचा, तपकिरी दिसला तरी. तपकिरी म्हणजे घाण नव्हे, त्यातच आपले जिवाणू आहेत. नायट्रेट 20 च्या आसपास राहिलं तर छान, 40 च्या वर गेलं तर पाणी जास्त बदला नाहीतर खाणं कमी करा.

आजार वाटला तर

औषध आणायच्या आधी पाणी मोजा. नेहमी. मासे वर येऊन धापा टाकतायत, कल्ले भराभर हलतायत, पंख मिटून एका जागी थांबलेत, खड्यांवर अंग घासतायत, नवीन टँकमध्ये ह्यातलं जवळजवळ सगळं पाण्यामुळेच असतं आणि वर औषध ओतलं की काही औषधं जिवाणूच मारतात. 50 टक्के पाणी बदला आणि एअर वाढवा, बरेच मासे संध्याकाळपर्यंत सावरतात.

अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे दाणे दिसले तर तो व्हाइट स्पॉट, हा खरा रोग आहे आणि पसरतो. दाणा अंगावर असताना आतल्या परजीवीला औषध लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो, म्हणून दाणे गेले तरी औषध आठवडाभर तरी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे चालू ठेवायचं. तापमान हळूहळू 28-29 पर्यंत नेलं की त्याचं चक्र लवकर फिरतं, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो तेव्हा एअर स्टोन जोडीला हवाच. औषध चालू असताना फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. कोळंबी किंवा गोगलगायी असतील तर तांबं असलेलं औषध चालणार नाही.

लाइट बराच वेळ गेली तर सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो, बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या, नाहीतर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उचलून उंचावरून परत टँकमध्येच ओता. खायला देऊ नका.

आणि सकाळी लाइट लावला की मासे मोजायची सवय लावा, पाच सेकंदांचं काम आहे. एक कमी दिसला तर झाडांच्या मागे, फिल्टरच्या मागे, टँकच्या मागे जमिनीवर, सगळीकडे शोधा आणि सापडेपर्यंत सोडू नका, कारण छोट्या टँकमध्ये न सापडलेला एक मेलेला मासा संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचं पाणी बिघडवायला पुरतो, आणि सापडलाच नाही तर टेस्ट करून अर्धं पाणी बदलून टाका.